सतरावरची टाचणी

लेकीचं नाव भिंगरी ठेवलं ते बापानंच. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, पण घरात ते कुणी वापरत नसे. चालायला लागल्यापासून ती एका जागी म्हणून बसली नव्हती. बापाचं सोफे-खुर्च्या दुरुस्तीचं दुकान पुढे आणि घर मागे, मधे फक्त एक पडदा. त्या पडद्यातून तिचं दिवसभर आत-बाहेर चालायचं. फोमच्या लाद्यांवर उड्या मारायच्या, नव्या स्प्रिंगा घातलेल्या खुर्चीवर सगळ्यात आधी बसून बघायचं. "हिनं बसून बघितल्याशिवाय खुर्ची पास होत नाही," असं तिची आई शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणायची. दुकानातली सगळी कव्हरं तीच शिवायची.

भिंगरी नववीत जायच्या आधीच्या थंडीत तिच्या डोळ्यांमागच्या नसांना सूज आली. आधी फळ्यावरचं पुसट झालं, मग पुस्तकातलं, मग माणसांचे चेहरे. औषधं झाली, इंजेक्शनं झाली, इस्पितळाच्या बाकांवर बसून बसून आईबापाच्या कमरा धरल्या. शेवटी डॉक्टरीणबाईंनी आपली खुर्ची जवळ ओढून सांगितलं, की उजेड आणि सावली एवढं कळत राहील, बाकीचं परत येईल असं मी तुम्हाला सांगणार नाही. बाप हे ऐकत होता आणि त्यांच्या खुर्चीच्या फाटलेल्या रेक्झिनकडे बघत होता. कोपऱ्यातला टाका उसवलाय, आतला काथ्या बाहेर आलाय, एवढंच त्याच्या डोक्यात येत होतं. दुसरं काही आत शिरायलाच तयार नव्हतं.

त्या दिवसापासून त्यानं लेकीच्या वाटेतून जग उचलायला घेतलं. स्टुलं भिंतीला लागली. कात्र्या, दाभणं, खिळ्यांचे डबे वरच्या फळीवर गेले. स्वयंपाकघरात गॅसपाशी जायची तिला बंदी झाली. तिनं पाण्यासाठी हात पुढे केला की पेला हातात आलेलाच असायचा. तिच्या आईला हे पटत नव्हतं.

"अहो, तिचे डोळे गेलेत. हातपाय शाबूत आहेत," ती म्हणायची.

"असू देत. मी आहे ना," तो म्हणायचा, आणि विषय संपवायचा.

शाळा मात्र भिंगरीनं सोडली नाही. शेजारची मैत्रीण रोज तिला हाताला धरून न्यायची, वर्गात तिच्या कानाशी धडे वाचून दाखवायची. भिंगरीची स्मरणशक्ती मुळातच तल्लख, आता तर ऐकलेलं पुसलंच जात नव्हतं. गणित हा तिचा पहिल्यापासून जीव की प्राण. डोळे होते तेव्हाही ती गणितं कागदावर कमी आणि छताकडे बघत जास्त सोडवायची.

एका संध्याकाळी ती शाळेतून आली ती सरळ आत जाऊन बसली. बाप एका जुन्या आरामखुर्चीच्या पट्ट्या ताणत होता. हातातलं काम टाकून तो आत गेला.

"काय झालं गं?"

"काही नाही. आलेखाचं प्रकरण सुरू झालं. रेषीय समीकरणं. बाईंनी मला त्यातून सूट दिलीय."

"सूट म्हणजे?"

"म्हणजे मला ते करावं लागणार नाही. परीक्षेतही नाही. त्याच्याऐवजी दुसरे प्रश्न देणार."

बापाला हायसं वाटलं. "बरं झालं की मग. बाई चांगल्या आहेत हो तुमच्या."

जेवताना तिनं अर्धी पोळी ताटात तशीच ठेवली. आईनं काय झालं म्हणून पुन्हा विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "सगळे ते करत होते आणि मी नुसती बसले होते. ताप आलेल्या पोरीला बसवतात ना खिडकीशी, तशी."

आईनं नवऱ्याकडे बघितलं. नवरा ताटाकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक कमी होतं. त्यानं लेकीला विचारलं, "ते तुझं आलेख म्हणजे नेमकं असतं तरी काय?" त्याचं स्वतःचं शिक्षण हातात दाभण आल्यावर सुटलं होतं. भिंगरीनं सांगितलं. एक आडवी रेघ, एक उभी रेघ. आडव्या रेघेवर एक्स मोजायचा, उभ्या रेघेवर वाय. तक्त्यात एक्स आणि वायच्या जोड्या दिलेल्या असतात. प्रत्येक जोडीचा एक ठिपका मांडायचा. सगळे ठिपके एका सरळ रेषेत आले तर ते रेषीय, नाही आले तर नाही.

"बस, एवढंच?" बाप म्हणाला.

"एवढंच. पण ते बघावं लागतं."

"का? सोफ्याच्या कडेची शिवण सरळ आहे की नाही ते मी बोटानं बघतो. डोळ्याला फसवता येतं, बोटाला नाही."

हे बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच काहीतरी सुचलं. त्यानं प्लायवूडचा एक चांगला तुकडा घेतला. त्यावर घट्ट फोम चिकटवला आणि वरून जाड कापड ताणून बसवलं. उशांच्या कडेला घालतात ती पाइपिंगची दोरी त्यानं एक आडवी, एक उभी अशी टाचली. मग दोन्ही दोऱ्यांवर सारख्या अंतरानं सुतळीच्या बारीक गाठी मारल्या, म्हणजे बोट फिरवत मोजता यावं. चारी बाजूंनी लाकडी पट्टी मारून काठ बंद केला. गोल डोक्याच्या टाचण्यांची डबी आईनं आपल्या मशीनच्या खणातून काढून दिली.

"आता आकडे मला सांगू नका," भिंगरी म्हणाली. "पुस्तकातला तक्ता तुम्ही वाचा, टाचण्या लावा, आणि मी ओळखते. उत्तरं पुस्तकाच्या शेवटी आहेत, ती तुम्ही बघा."

पहिल्या तक्त्याच्या टाचण्या लावताना बापाला घाम फुटला. एक्स एक तर वाय तीन. आडवं एक गाठ, उभं तीन गाठी. लावून झाल्यावर भिंगरीनं पहिल्या टाचणीला दोरा गुंडाळला, शेवटच्या टाचणीपर्यंत ताणला आणि दुसऱ्या हाताचं बोट त्यावरून सावकाश नेलं. मधली प्रत्येक टाचणी दोऱ्याला टेकलेली होती.

"सरळ."

बापानं पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. "बरोबर."

दुसऱ्याला तिचं बोट मधेच थांबलं. "ह्या तर दोऱ्याच्या खाली गेल्यात सगळ्या. आणि शेवटी एकदम चढ. हे रेषीय नाही." तेही बरोबर आलं. तिसऱ्यात रेघ चढायच्या ऐवजी उतरत होती. भिंगरी म्हणाली, "उतरली तरी सरळच उतरतेय." तिचा आवाज वर चढला होता. आई मशीन थांबवून दारात येऊन उभी राहिली.

चौथा तक्ता असा होता: एक्स एक, दोन, तीन, चार, पाच, वाय चार, सात, दहा, तेरा, सतरा. शेवटची टाचणी लावायला गेला तर उभ्या दोरीवरच्या गाठी सोळालाच संपत होत्या. त्याच्यावर लाकडी पट्टी. बापानं टाचणी पट्टीला भिडवून खोचली. तेवढ्यानं काय होतंय, असं त्याला वाटलं.

भिंगरीनं दोरा ताणला, बोट फिरवलं. दोनदा फिरवलं. "सरळ. अगदी दोरीत."

बापानं शेवटचं पान बघितलं. तिथे लिहिलं होतं, रेषीय नाही. त्यानं टाचणीकडे बघितलं आणि त्याला चूक कुठे झाली ते लख्ख कळलं. सांगायला त्यानं तोंड उघडलंही. पण समोर भिंगरी हसत होती. ती शेवटची अशी कधी हसली होती ते त्याला आठवेना. त्या हसण्यावर पाणी फिरवायला त्याची जीभ वळली नाही.

"बरोबर," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली ती थेट टाचण्यांच्या फळीकडे वळली. फळी भिंतीला टेकून ठेवलेली होती. चाचपत जाऊन तिनं ती उचलली आणि बापाच्या पुढ्यात आणून ठेवली.

"ही मोडून टाका. प्लाय कुठंतरी उपयोगी पडेल."

"अगं, का?"

"माझ्या बोटांना कळत नाही."

थोडं थोडं करून मग सगळं बाहेर आलं. बाईंनी वर्गात तोच स्वाध्याय घेतला होता. भिंगरीनं आपणहून हात वर केला आणि म्हणाली, चौथा तक्ता रेषीय आहे. मागून कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी जवळ येऊन तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, राहू दे बाळा, तुला ह्यातून सूट आहे ना.

"हसले त्याचं काही नाही," भिंगरी म्हणाली. "पण मी दोनदा बघितलं होतं, बाबा. मला दोन्ही वेळा सरळच लागलं. म्हणजे ह्यापुढे हाताला जे लागेल ते खरं की खोटं, मी कशावरून ठरवायचं? आता माझ्याकडे हातच आहेत."

बापाच्या हातातलं दाभण खाली पडलं. कापडात गुंतलेला दोरा लोंबत राहिला. आतून आईच्या मशीनचा आवाजही थांबला होता.

"तुझ्या बोटाला बरोबर कळलं होतं," तो म्हणाला. "टाचणी सरळच होती. चुकीच्या जागी मी लावली. सतराला लावायची होती, फळी सोळालाच संपली. मी काठाला टेकवून खोचली."

भिंगरीचे ओठ हलत होते. "चार, सात, दहा, तेरा," ती पुटपुटली. "आणि सोळा. तीन, तीन, तीन, तीन. सोळाला लावली तर सरळच की." मग पुन्हा: "सतरा असेल तर तीन, तीन, तीन, चार. शेवटच्या वेळी उडी मोठी." ती खाली बसली. "म्हणजे माझं चुकलं नव्हतं."

"नव्हतं चुकलं."

"तुम्हाला हे कालच कळलं होतं?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. बापानं ती घेतली नाही. "हो. पुस्तकात बघितलं तेव्हाच."

"मग सांगितलं का नाही?"

"तू हसलीस," तो म्हणाला.

भिंगरीनं मान वळवली, आवाजाच्या दिशेला, नेमकी त्याच्या चेहऱ्याकडे. "म्हणजे मी हसले की तुम्ही मला खोटं सांगणार? मग मी तुमच्याजवळ हसायचं तरी कसं?"

तो तिच्याजवळ जमिनीवर बसला. त्याला रडू आलं आणि ते त्यानं आवाज न करता येऊ दिलं. पण श्वासावरून तिला कळलंच. तिनं हात पुढे करून त्याचा खांदा शोधला.

"चुकलं तर चुकलं म्हणायचं," ती म्हणाली. "बाकी काही नको मला."

"बरं."

"आणि पेला हातात आणून द्यायचा नाही."

"तेही बरं," तो म्हणाला. दारातून आईचा आवाज आला, "देवा, हे मी इतके महिने सांगतेय." मग तिघंही हसले. हसता हसता बापानं बाहीनं नाक पुसलं.

त्यानं फळीच्या वरच्या काठाची पट्टी उचकटून काढली, वर आणखी एक तुकडा जोडला, गाठी वाढवल्या. पण आता टाचण्या भिंगरी स्वतः लावू लागली. आकडे बाप वाचून दाखवायचा, मोजून खोचायचं काम तिचं. एकदा टाचणी तिच्या बोटात चांगलीच घुसली. तो जागचा उठला, अर्ध्यात थांबला आणि परत बसला. तिनं बोट तोंडात घातलं, चोखलं, आणि पुढची टाचणी मागितली.

आठवड्याभरात असं झालं की पुष्कळदा तिला टाचण्या लावाव्याच लागेनात. तो तक्ता वाचत असतानाच ती म्हणायची, "रेषीय. प्रत्येक वेळी पाच वाढतायत." बापाला क्षणभर वाईट वाटायचं, इतकं खपून केलेली फळी नुसती पडून आहे म्हणून. मग स्वतःशीच म्हणायचा, अरे शहाण्या, फळी तिच्यासाठी केलीस की तुझ्यासाठी?

भिंगरीनं बाईंना सांगितलं, की मला सूट नको. बाईंनी शाळा सुटल्यावर थांबायला सांगितलं आणि फळी घेऊन बापालाही बोलावलं. रिकाम्या वर्गात तो मागच्या बाकावर अंग चोरून बसला. बाक त्याच्या मापाचा नव्हता.

"मला वाटलं, तुझ्यावरचं ओझं कमी होईल," बाई म्हणाल्या.

"ओझं नव्हतं बाई ते," भिंगरी म्हणाली. "मला ते आवडतं."

बाईंनी पुस्तक मिटलं. "ठीक आहे. मी सांगते, तू ओळख. एक्स एक, दोन, चार, पाच. वाय तीन, पाच, नऊ, अकरा."

बापानं मनातल्या मनात वजाबाकी केली. दोन, चार, दोन. उड्या सारख्या नाहीत. म्हणजे रेषीय नाही. भिंगरी मात्र घाई करत नव्हती.

"पुन्हा सांगा ना, एक्स," ती म्हणाली. ऐकलं आणि म्हणाली, "रेषीय आहे. वाय मधे चारनं वाढला, पण एक्सही तिथे दोननं वाढलाय. तीन मधे वगळलाय तुम्ही."

बाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं. ते भिंगरीला दिसणार नाही हे लक्षात येऊन त्या मुद्दाम मोठ्यानं म्हणाल्या, "शाब्बास." मग त्या समीकरणांवर आल्या. वाय बरोबर दोन एक्स अधिक एक. रेषीय. वाय बरोबर एक्सचा वर्ग. नाही. एक्स गुणिले वाय बरोबर बारा. तिथे तिनं फळी मागून घेतली. एकला बारा, दोनला सहा, तीनला चार, चारला तीन, सहाला दोन, अशा टाचण्या झरझर लावल्या. बोट फिरवून म्हणाली, "ही तर घसरगुंडी आहे. आधी धाडकन खाली, मग हळूहळू." बाईंनीही त्या टाचण्यांवरून बोट फिरवून बघितलं. इतकी वर्षं शिकवते, पण हा आलेख असा हाताला लागतो हे माहीत नव्हतं, असं त्या म्हणाल्या.

"आता शेवटचं. वाय बरोबर पाच."

"आणि एक्स?"

"एक्स नाहीच त्यात."

भिंगरी थांबली. "मग नाही रेषीय. एक्सच नाही तर रेष कुठून येणार?"

"चूक," बाई म्हणाल्या.

मागच्या बाकावर बापाचा हात आपोआप पुढे आला. काहीतरी बोलावं, लेक दमलीय म्हणावं, आज पुरे म्हणावं, असं त्याच्या ओठांवर आलं. बाकाची कड घट्ट धरून तो गप्प बसला आणि लेकीच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. चेहरा पडला नाही. भुवया एकत्र आल्या, मान जरा तिरकी झाली. खुर्चीवर बसून बघताना एखादी स्प्रिंग करकरली की ती लहानपणी अशीच मान करायची.

"का चूक?" तिनं विचारलं.

"तूच तक्ता कर. एक्स एक असेल तर वाय किती?"

"पाच. दोनला पाच. तीनलाही पाच." बोटं फळीवर गेली. "फरक शून्य. पुन्हा शून्य. दर वेळी सारखाच शून्य." तिनं बोट आडवं नेलं. "म्हणजे सरळच की हो बाई. आडवी पडलीय नुसती."

"आडवी पडलीय," बाई म्हणाल्या, आणि सूट रद्द झाल्याचं त्यांनी तिथेच सांगून टाकलं. परीक्षेत प्रश्न वाचायला आणि उत्तरं लिहायला कुणीतरी मिळेल, फळी सोबत आणायची परवानगी मी काढते, म्हणाल्या.

घरी जाताना भिंगरी बापाच्या कोपराला धरून चालत होती, आणि दुसऱ्या काखेत फळी. वाटभर तिचं वाय बरोबर पाचवरच चाललं होतं. मग एक्स बरोबर पाच असेल तर? तेव्हा ती उभी राहील का? उभी रेघ म्हणजे एका एक्सला वाय किती? बापाला त्यातलं निम्मं कळत होतं. निम्म्याला तो "हं" म्हणत होता आणि ते तिच्या लक्षात येत होतं.

"कळलं नाही तर कळलं नाही म्हणा," ती म्हणाली.

"नाही कळलं," तो म्हणाला. मग तिनं पहिल्यापासून सांगितलं.

परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी ती मैत्रिणीच्या आधी पायऱ्या चढून दुकानात आली, वाटेतल्या एका खुर्चीला आपटली, "ही कुणी ठेवली इथं" म्हणाली आणि तिला वळसा घालून पुढे आली. बाप सोफ्याच्या पाठीला कापड ताणत होता. दोन खिळे त्याच्या ओठांत धरलेले होते. ते काढून त्यानं विचारलं, "कुठला चुकला?"

भिंगरीच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते त्यानं डोळे भरून बघितलं.

"शेवटून दुसरा," ती म्हणाली. "थांबा, दाखवते. टाचण्या कुठायत?"